जर्मनांच्या तोंडची इंग्लिश नावे



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही म्हटले, त्या प्रश्नावर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलतो. एक संध्याकाळ आम्हांला आमच्या आवडीच्या विषयावर बोलू द्या. त्यांनी विषय विचारला. आम्ही सांगितले, "जर्मन लोक इंग्लंडमधल्या फुटबॉल संघांना काय म्हणतात, हा." चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पत्रिकेत छापायचे आहे." त्यांनी ते छापले आणि तरीही आपण इतके जण आलात, याबद्दल आधी आभार मानतो.

आम्ही भाषाशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि जुन्या बाजारात घेतलेल्या पुस्तकांत झाले. जर्मन भाषेची ओळखही अशीच झाली. २००१ साली, आम्ही ज्या कारखान्यात कामाला होतो तेथे जर्मनीहून एक अवजड प्रेस आला आणि तो उभारून देण्यासाठी तिकडचा एक फिटर साडेतीन महिने येऊन राहिला. त्याचे नाव आमच्या लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याचा 'अण्णा' झाला. त्याने अर्थ विचारला. थोरला भाऊ, असे सांगितल्यावर तो खूश झाला. 'साहेब' म्हटलेले मात्र त्याला खपत नसे.

अण्णा गेल्सनकिर्खेनचा, म्हणजे जर्मनीतल्या रूर नदीच्या कोळसा मुलखातला. बाप खाणीत होता. संध्याकाळी दूरदर्शन संचावर इंग्लंडचे सामने लागत आणि आम्ही दोघे मोडक्या इंग्रजीत त्यावर वाद घालत असू. पहिल्याच दिवशी आमचे बिनसले. आम्ही म्हटले, "लिव्हरपूल एफ.सी." तो म्हणाला, "एफ.सी. लिव्हरपूल." आम्ही म्हटले, क्लब इंग्लंडचा, नाव त्यांचे, ते एफ.सी. शेवटी लावतात, तुम्ही आधी का लावता? अण्णा म्हणाला, "आमच्याकडे असेच म्हणतात." जगातल्या बहुतेक प्रश्नांचे पहिले उत्तर हेच असते. आम्ही दुसरे उत्तर शोधू लागलो. आज जे सांगणार आहोत ते त्या शोधात हाती लागलेले आहे.

जर्मनीत संस्थेचा प्रकार नावाच्या आधी येतो. एफ.सी. बायर्न म्युन्शेन, एफ.सी. शाल्क ०४, व्ही.एफ.बी. स्टुटगार्ट: आधी ही संस्था कोणत्या जातीची ते सांगायचे, मग गाव. इंग्लंडमध्ये आधी गाव आणि मग 'फुटबॉल क्लब'. जर्मन वर्तमानपत्राने इंग्लिश क्लब आपल्या रकान्यात घेतला की त्याला ते आपल्या घरच्या रीतीने बसवतात. म्हणून तेथे एफ.सी. लिव्हरपूल, एफ.सी. चेल्सी, एफ.सी. एव्हर्टन, एफ.सी. फुलहॅम असे छापतात. संडरलंडचा क्लब स्वतःला संडरलंड ए.एफ.सी. म्हणवतो, जर्मनीत तो ए.एफ.सी. संडरलंड होतो. पण मँचेस्टर युनायटेड, ॲस्टन व्हिला, टॉटनहॅम हॉटस्पर यांना हे एफ.सी. सहसा लावत नाहीत. कारण उघड आहे. ज्या नावात गावापलीकडे आणखी एक शब्द आहे, तेथे गाव आणि क्लब यांचा घोटाळा होत नाही. नुसते 'लिव्हरपूल' म्हटले तर बंदर की संघ, असा प्रश्न पडतो. एफ.सी. पुढे लावला की प्रश्न मिटतो.

एकट्या 'आर्सेनल'ची गंमत मात्र निराळी आहे. आर्सेनल हे गाव नव्हे, तरी जर्मन त्यालाही 'एफ.सी. आर्सेनल' म्हणतात. जुन्या पिढीच्या तोंडी तर 'आर्सेनल लंडन' असेही असते, जणू आर्सेनल हे आडनाव आणि लंडन हे मूळ गाव. लंडनमध्ये असे कोणी म्हणत नाही.

आता दुसरी अडचण पाहू. ती मराठी माणसाला चटकन कळेल आणि इंग्रजाला समजावून सांगावी लागेल. जर्मन भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. 'डेअर' म्हणजे तो, 'डी' म्हणजे ती आणि 'डास' म्हणजे ते. प्रत्येक नामाच्या पुढे यांपैकी एक शब्द लागतो. बहुवचनाला सर्वत्र 'डी'. मग परदेशातून आलेल्या क्लबाला काय लावायचे? क्लब हा शब्द जर्मनमध्ये पुल्लिंगी, म्हणून 'डेअर एफ.सी. लिव्हरपूल'. शहराचे नाव मात्र नपुंसकलिंगी. सुंदर लिव्हरपूल असे म्हणायचे झाल्यास तेथे 'डास' येते. तेव्हा एका 'डेअर'ने तो क्लब आहे हे कळते आणि एका 'डास'ने ते शहर आहे हे कळते. इंग्रजीजवळ ही सोय नाही.

त्यांच्या स्वतःच्या क्लबांतही हा संसार आहे. फ्रँकफुर्टच्या क्लबाचे नाव आइनट्राख्ट, म्हणजे एकोपा. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ती आइनट्राख्ट. डॉर्टमुंडच्या क्लबाला बोरुसिया म्हटले की ती स्त्री, बी.व्ही.बी. या आद्याक्षरांनी हाक मारली की तो पुरुष. क्लब एकच, पण कोणत्या नावाने हाक मारता यावर त्याचे लिंग बदलते.

आपल्याकडे काय होते पाहा. आपण म्हणतो, मुंबई जिंकली, पुणे हरले, कारण मुंबई ती आणि पुणे ते. लिव्हरपूल आले की तीन तऱ्हा ऐकू येतात. ज्याच्या मनात संघ आहे तो म्हणतो 'लिव्हरपूल जिंकला'. ज्याच्या मनात टीम आहे तो म्हणतो 'जिंकली'. ज्याच्या मनात गाव आहे तो म्हणतो 'जिंकले'. आमचे वार्ताहर चतुर. ते लिहितात, 'लिव्हरपूलने सामना जिंकला'. 'ने' लावला की क्रियापद सामन्याच्या मागे जाते आणि लिव्हरपूलचे लिंग सांगावेच लागत नाही. जर्मनही असाच काढता पाय घेतो. तो 'डेअर' गाळून नुसते 'लिव्हरपूल जिंकते' अशा अर्थाचे वाक्य करतो. त्याच्या क्रियापदाला लिंग नसल्यामुळे त्याची सुटका आपल्यापेक्षा सोपी.

तिसरी गोष्ट एक आणि अनेक यांची. संघटनेच्या माणसाला ती फार जवळची आहे. इंग्लंडमध्ये संघाचे नाव एकवचनी असले तरी त्याच्यापुढे क्रियापद बहुतेक वेळा अनेकवचनी येते. 'आर्सेनल जिंकत आहेत', असेच ते बोलतात. त्यांच्या डोळ्यांसमोर अकरा माणसे असतात. जर्मन मात्र 'आर्सेनल जिंकतो आहे' असे एकवचनात बोलतो. त्याच्या डोळ्यांसमोर संस्था असते. अनेकवचन हवे असेल तर त्याला टोपणनावाकडे जावे लागते, जसे 'डी रेड्स', 'डी गनर्स', 'डी स्पर्स'. युनियनच्या पत्रव्यवहारातही हाच फरक असतो, तो आमच्या लक्षात फार उशिरा आला. व्यवस्थापनाच्या पत्रात 'युनियनने मान्य केले आहे' असे एकवचन असते. फाटकावरचा कामगार विचारतो, 'आपण मान्य केले का?' कायद्याला एकवचन लागते, नाही तर करारावर सही कोण करणार? पण त्या एकवचनात माणसे दिसेनाशी झाली, की सही राहते आणि करार मोडतो.

टोपणनावांचा उल्लेख आलाच आहे, तर तेथे थोडे थांबू, कारण आमच्या बोलण्याचा गाभा तेथे आहे. आर्सेनलला गनर्स का म्हणतात? १८८६ साली लंडनजवळच्या वूलिचमध्ये, रॉयल आर्सेनल या सरकारी शस्त्रकारखान्याच्या कामगारांनी हा क्लब काढला. तोफा आणि दारूगोळा हा त्यांचा रोजचा धंदा. 'आर्सेनल' हा शब्द तरी कोठला? अरबीतल्या 'दार-अस्-सिना' या शब्दावरून तो इटलीमार्गे युरोपात आला. त्याचा अर्थ कारागिरीचे घर, म्हणजे सरळ मराठीत कारखाना. वेस्ट हॅमला हॅमर्स म्हणतात. त्यांचा मूळ क्लब १८९५ साली टेम्स नदीवरच्या जहाजबांधणी कारखान्यातला, टेम्स आयर्नवर्क्समधला. तो हातोडा बोटीच्या पत्र्यात रिव्हेट ठोकणाऱ्याचा. मँचेस्टर युनायटेड हा मुळात १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यात डबे बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कामगारांचा संघ; मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ सालचे. नॉर्थॅम्प्टनचे ते चांभार, स्टोकचे ते कुंभार, ल्यूटनचे ते टोपीवाले. इंग्लंडच्या टोपणनावांची यादी वाचावी आणि बलुतेदारांची यादी वाचल्यासारखे वाटावे.

शेफील्ड वेन्सडेचे उदाहरण तर विसरू नये असे आहे. क्लबाचे नाव बुधवार! शेफील्डमध्ये ज्या कारागिरांना बुधवारी अर्धी सुट्टी मिळे, त्यांचा एक क्रिकेट क्लब होता. त्याने १८६७ साली फुटबॉल सुरू केला. सुट्टीचा वार हेच नाव झाले. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, आणि शनिवार दुपार हळूहळू फुटबॉलची झाली. सुट्टी नसेल तर खेळ कोठला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे. त्यांच्या संघटनेच्या इंग्रजी नावात कामगारांना 'मिल हँड्स' म्हटले होते, म्हणजे गिरणीतले हात. त्या काळच्या मालकांच्या इंग्रजीत कामगार म्हणजे हातच होता. लोखंडे यांनी तोच शब्द घेऊन त्या हातांना तोंड दिले.

आता या नावांचे जर्मन काय करतात? इटलीच्या मिलानोला जर्मन मायलांट म्हणतात, म्हणून तेथल्या क्लबालाही ते ए.सी. मायलांट करतात. वास्तविक तो क्लब १८९९ साली इंग्लिश माणसांनी काढला, म्हणूनच इटालियन लोक शहराला मिलानो म्हणत असूनही क्लबाला इंग्रजी पद्धतीने मिलान म्हणतात. बेलग्रेडच्या त्सर्वेना झ्वेझ्दा या क्लबाचे तर जर्मन पूर्ण भाषांतर करतात: रोटर श्टेर्न, म्हणजे लाल तारा. पण इंग्लिश नावाला ते भाषांतराचा हात लावत नाहीत. शेफील्ड वेन्सडेला शेफील्ड मिटवॉख म्हणत नाहीत. गनर्स, मॅगपाइज, फॉक्सेस हे सारे इंग्रजीतच राहतात. पुढे फक्त जर्मन 'डी' लागतो. हॅमर हा शब्द तर जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत एकच, त्याचे जर्मन अनेकवचन 'हेमर' होते. तरी ते 'डी हॅमर्स' असे इंग्रजी शेपूट ठेवूनच म्हणतात. वुल्व्हरहॅम्प्टनचे 'डी वुल्व्ज'. त्यांना जर्मन 'वोल्फं' केले, तर ते व्होल्फ्सबुर्ग या त्यांच्या मोटार-कारखान्याच्या गावचे लांडगे होतील!

असे का? ज्या भाषेचा जगात दबदबा, तिच्या नावाला कोणी हात लावत नाही, हे एक कारण. पण एवढेच कारण नव्हे. ब्राउनश्वाइगचे शिक्षक कोनराड कोख यांनी १८७४ साली आपल्या विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळायला लावला, पुढल्या वर्षी जर्मन नियम छापले आणि इंग्रजी शब्दांना जर्मन शब्द दिले. त्यामुळे आज जर्मनीत गोलला 'टोर', कॉर्नरला 'एके', ऑफसाइडला 'आब्झाइट्स' म्हणतात. स्वित्झर्लंडमधले जर्मन बोलणारे मात्र अजून आपल्यासारखेच गोल, कॉर्नर, पेनल्टी म्हणतात. म्हणजे जर्मनांनी खेळातले शब्द भाषांतरित केले आणि क्लबांची नावे केली नाहीत. हा विवेक आम्हांला पटतो. खेळाचे शब्द म्हणजे अवजारे. ती आपल्या हाताला बसतील अशी करून घ्यावी. नाव हे दुसऱ्याचे असते.

फक्त यात एक नुकसान होते. 'डी गनर्स' म्हणणाऱ्या जर्मन मुलाला तोफखाना ऐकू येत नाही. त्याला एक तालेवार इंग्रजी शब्द ऐकू येतो. नाव जसेच्या तसे ठेवले आणि त्यातला कामगार हरवला. अण्णाला आम्ही वूलिचची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "वीस वर्षे हा शब्द तोंडात आहे, मला वाटे शिकारी असतील." भाषांतर केले असते तर अर्थ राहिला असता आणि नाव गेले असते. दोन्ही ठेवायचे तर एकच उपाय आहे. नाव त्यांचे घ्यावे आणि गोष्ट कोणी तरी सांगावी.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. जर्मनीत मँचेस्टर युनायटेडला सर्रास 'मान-यू' म्हणतात. वर्तमानपत्रात जागा कमी, जीभ आळशी, आणि दोन्ही मँचेस्टर वेगळे करायचे असतात. तिकडे 'मान-सिटी', इकडे 'मान-यू'. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण खुद्द मँचेस्टरमध्ये युनायटेडच्या कित्येक जुन्या समर्थकांना हा शब्द सहन होत नाही. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी, बेलग्रेडच्या त्या लाल ताऱ्याशी सामना खेळून परतणारे त्यांचे विमान म्युनिकच्या विमानतळावर कोसळले. धावपट्टीवर बर्फाचा चिखल होता आणि उड्डाणाचा तो तिसरा प्रयत्न होता. २३ माणसे दगावली, त्यांत आठ खेळाडू होते. पुढे प्रतिस्पर्ध्यांनी त्या मृत्यूंची चेष्टा करणारी गाणी केली आणि त्या गाण्यांशी हे छोटे नाव जोडलेले आहे, अशी या समर्थकांची भावना आहे. म्हणून ते 'युनायटेड' किंवा 'मॅन युनायटेड' म्हणतात.

आणि हे घडले कोठे? जर्मनीत. जखमींना वाचवण्यासाठी म्युनिकच्या डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला. अपघाताच्या जागेजवळच्या चौकाला २००८ साली म्युनिक शहराने 'मँचेस्टरप्लात्स' असे नाव दिले. ज्या देशाने आपल्या चौकाला मँचेस्टरचे पूर्ण नाव दिले, त्याच देशात ते खुपणारे अर्धे नाव निष्पापपणे रोज छापले जाते. यात दोष कोणाला द्यावा? आम्ही कोणालाच देत नाही. पण ज्याला कळले त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न उरतो. अण्णाला आम्ही हे सांगितले. त्या दिवसापासून जाईपर्यंत तो 'युनायटेड' म्हणत असे. कधी चुकून जुना शब्द आला तर हात वर करी, जसा खेळाडू आपला फाऊल कबूल करताना करतो.

इंग्रज काही कमी नाहीत. ज्या क्लबाला ते 'बायर्न म्युनिक' म्हणतात, त्या नावाचा पहिला शब्द जर्मन आणि दुसरा इंग्रजी. सगळे जर्मन ठेवायचे तर बायर्न म्युन्शेन, सगळे इंग्रजी करायचे तर बव्हेरिया म्युनिक. त्यांनी धोतरावर कोट घातला आणि जगाने तो वेष मान्य केला. माणसांचेही तसेच. ब्रेमेनचा बर्नहार्ड ट्राउटमान दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचा कैदी झाला आणि युद्धानंतर तेथेच राहिला. त्याचे 'बेर्न्ट' हे नाव इंग्रजांच्या तोंडी बसेना, म्हणून त्याचा 'बर्ट' झाला. १९४९ साली मँचेस्टर सिटीने त्याला गोलरक्षक म्हणून घेतले तेव्हा शत्रूचा माणूस म्हणून लोकांनी निदर्शने केली. १९५६ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात टक्कर होऊन त्याची मान मोडली आणि तो शेवटपर्यंत खेळला. मोडल्याचे निदान पुढे काही दिवसांनी झाले. ज्यांनी निदर्शने केली त्यांच्या मुलांनी 'बर्ट' म्हणून त्याला डोक्यावर घेतले. म्हणजे नाव बदलणे हे प्रत्येक वेळी अपमानच असते असेही नाही. आमच्या लोकांनी फिटरचा 'अण्णा' केला तो मायेनेच. माया आहे की नाही, हे नाव घेणारा ठरवत नाही; ज्याचे नाव आहे तो ठरवतो.

युनायटेडच्याच खेळाडूंनी स्वतःला एकदा एक नाव दिले होते. १९०७ साली मँचेस्टरमध्ये बिली मेरेडिथ आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची युनियन काढली. १९०९ साली फुटबॉल संघटनेने युनियन सोडा असा हुकूम काढला. युनायटेडच्या खेळाडूंनी तो मानला नाही आणि त्यांना निलंबित केले गेले. ते आपले आपण सराव करीत राहिले आणि एक छायाचित्र काढून घेताना त्यांनी पुढे पाटी ठेवली: 'आउटकास्ट्स एफ.सी.', म्हणजे बहिष्कृतांचा क्लब. दुसऱ्याने हिणवण्यासाठी वापरावा असा शब्द आपणच पाटीवर लिहिला की त्याचे विष उतरते. महाराष्ट्राला हे नवे नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' असे ठेवले होते.

आता, हे सगळे आम्हांला का लागले, ते सांगून पुरे करतो. आमच्या युनियनचे नोंदणीचे नाव इंग्रजी आणि लांबलचक. आम्ही तरुण होतो. त्या नावाचा लेटरहेड छापला तेव्हा छाती फुगली होती. पण कचेरी होती फाटकासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणून कामगार आम्हांला 'पत्र्याची युनियन' म्हणत. पेंट शॉपमध्ये एक जुने गृहस्थ होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. १९९८ साली एका फाटकसभेत तात्या बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आपली पत्र्याची युनियन..." आम्ही त्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि चारचौघांत सांगितले, "तात्या, संघटनेला नाव आहे, ते नीट घ्या. उद्या व्यवस्थापन हसेल." लोक हसले, पण तात्यांना. तात्या खाली उतरले. वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही. पण त्यानंतर ते सभेत बोलले नाहीत, आणि त्यांच्यामागे पेंट शॉपही गप्प झाले. पुढल्या वर्षीच्या करारात पेंट शॉपच्या विषारी वाफांचा, मुखवट्यांचा मुद्दा आमच्या मागणीपत्रात आलाच नाही, कारण तो सांगायला कोणी उठलेच नाही. तो करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे ती माणसे तोंडाला फडके बांधून रंग मारत होती. आमच्या एका वाक्याची ती किंमत, आणि भरली दुसऱ्यांनी.

अण्णाने आपल्या गावच्या शाल्क क्लबाचे टोपणनाव सांगितले, 'डी क्नापन', म्हणजे खाणीतले गडी. आम्ही विचारले, "क्लबाला हे कमीपणाचे वाटत नाही?" तो म्हणाला, "कमीपणाचे? माझा बाप क्नाप होता." त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही तात्यांच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही म्हटले, "तात्या, सभेत आमचे चुकले." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, त्या पत्र्याखाली उन्हाळ्यात बसून पहिले अर्ज मी भरले होते. मी नाव ठेवले नव्हते, पत्ता सांगत होतो."

२००२ च्या मागणीपत्रात पहिली मागणी पेंट शॉपची होती. ती तात्यांनी वाचली.

पुढे युनियनची कचेरी पक्क्या इमारतीत गेली. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा तात्या निवृत्त झाले होते, पण रंगकाम त्यांनीच मागून घेतले. वर नोंदणीचे नाव, कायद्याला लागते म्हणून. खाली मोठ्या अक्षरांत 'पत्र्याची युनियन'. कोणी तरी म्हणाले, "आता स्लॅब आहे, पत्रा कोठे?" आम्ही सांगितले, आर्सेनलने वूलिच १९१३ सालीच सोडले आणि तरी ते गनर्स आहेत. टेम्सवरचा जहाजांचा कारखाना १९१२ साली बंद पडला आणि वेस्ट हॅमच्या बोधचिन्हावर हातोडे आहेत. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ साली मिटली, आणि गेल्सनकिर्खेनची पोरे अजून स्वतःला खाणीतले गडी म्हणवतात.

जर्मनांनी एफ.सी. पुढे लावावा, आपण लिव्हरपूलला तो म्हणावे, ती म्हणावे की ते म्हणावे, याने काही बिघडत नाही. प्रत्येक भाषा पाहुण्याला आपल्या पाटावर बसवते. बिघडते ते नावातली माणसे विसरल्याने, आणि ज्याचे नाव त्याला न विचारल्याने. आता या सभागृहात पुढल्या रांगांत बसलेल्यांच्या मागे, दाराशी, हे सभागृह झाडणाऱ्या बाई मघापासून उभ्या राहून ऐकत आहेत. व्याख्यानानंतर त्यांना नाव विचारावे असे आम्ही ठरवले आहे. आपणही विचारावे.